किरणांची मोजदाद : आले किती, नोंदले किती



हमाल-मापाड्यांची आणि कंत्राटी कामगारांची संघटना बांधण्यात ज्याचे निम्मे आयुष्य गेले, त्या माणसाने अणुविज्ञानातील उपकरणांवर बोलावयास उभे राहावे, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. चालकांनाही ते वाटले. त्यांनी मला कामगार कायद्यांचा विषय सुचविला होता. मी म्हटले, त्यावर मी वर्षभर बोलतच असतो, आणि ऐकणारे आता माझ्या पुढचे वाक्य मला सांगू लागले आहेत. यंदा मला दुसरे काही सांगू द्या.

माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे शिकलो ते वाचनालयात, एस.टी.च्या प्रवासात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहत बसलो असता. तेव्हा माझ्याकडून समीकरणांची अपेक्षा आपण करणार नाही, असे मी धरून चालतो. मात्र मोजणी म्हणजे काय, हे मला थोडेबहुत कळते, कारण माझा सगळा व्यवसायच मोजणीच्या भांडणाचा आहे.

आपल्या बाजारातले जुने मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. त्यांची ती तालावरची मोजणी आपल्यापैकी पांढऱ्या केसांच्या मंडळींनी ऐकली असेल. मी तरुणपणी एका जिनात हंगामी कामाला होतो. तेथे हमालाला पोत्यामागे मजुरी मिळे. मुकादम दाराशी बसून प्रत्येक पोत्याला वहीत एक रेघ ओढी. आता व्हायचे काय, की एक हमाल आत जातो न जातो तोच दुसरा त्याच्या पाठोपाठ येई. मुकादमाची पेन्सिल पहिल्याच रेघेवर असे. दुसरा आत निघून जाई, आणि त्याची रेघ पडत नसे. संध्याकाळी हिशेब लागत नसे. हमाल म्हणत, मुकादम चोर आहे. मला मात्र आठ दिवस दाराशी उभे राहिल्यावर कळले की तो चोर नाही, त्याचा हात रिकामा नसतो. आणि दुसरी एक गोष्ट कळली. काम मंद असले म्हणजे रेघा बरोबर पडतात. गाड्यांची रीघ लागली, म्हणजे जेव्हा हमालाला चार पैसे अधिक मिळावयाचे तेव्हाच, सर्वांत जास्त रेघा बुडतात. ही साधी गोष्ट आपण लक्षात ठेवावी. पुढचे सगळे व्याख्यान तिच्यावरच उभे आहे.

आता मी आपणांस एका रात्रीची हकीकत सांगतो. साल १९९८. एका मोठ्या बांधकामावर जाड नळ्यांचे सांधे वेल्डिंगने जोडीत होते. सांधा वरून चांगला दिसला तरी आत पोकळी राहिलेली असू शकते. म्हणून त्याचा फोटो काढतात, आपण छातीचा एक्स-रे काढतो तसाच. त्यासाठी इरिडियम-१९२ नावाच्या धातूची चिमूटभर गोळी जड धातूच्या पेटीत ठेवलेली असते. तारेने ती गोळी नळीतून पुढे सरकवावयाची, सांध्यापाशी काही वेळ ठेवावयाची, आणि परत पेटीत ओढून घ्यावयाची. हे काम रात्री चालते, कारण तेव्हा माणसे कमी असतात. दोरी बांधून जागा मोकळी ठेवतात.

त्या रात्री चालकाने तार परत ओढली आणि गोळी पेटीत आली असे समजून मदतनिसाला पुढे पाठविले. मदतनीस आपल्याच तालुक्यातला, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. त्याच्या हातात मोजयंत्र होते. तो चालू लागला तसा काटा वर चढला. आणखी पुढे गेला तसा काटा खाली येऊ लागला, आणि शेवटी शून्याला टेकला. त्याने मागे वळून चालकाला हाक दिली, "काय भो, काटा तं खालीच बसला, काही नाही इथं." तो आणखी दोन पावले पुढे गेला. तेवढ्यात चालकाला तारेची लांबी हाताला कमी लागली आणि त्याने ओरडून त्याला मागे बोलाविले. गोळी नळीतच अडकलेली होती.

चालकाच्या छातीवर किरणे मोजणारा बिल्ला होता. मदतनिसाच्या छातीवर नव्हता. मदतनीस हा हजेरीपटावर बिगारी म्हणून होता, आणि बिगाऱ्याला बिल्ला देण्याची पद्धत त्या ठिकाणी नव्हती. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. त्याने मला फक्त एकच विचारले : "दादा, मला किती लागलं?" मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. त्या प्रश्नापायी मी पुढची काही वर्षे हे वाचन केले.

काटा शून्यावर का गेला, हे समजण्यासाठी जरा मागे जावे लागेल.

किरणोत्साराचा शोध १८९६ साली लागला. ही किरणे दिसत नाहीत, त्यांना वास नाही, ती अंगातून गेली तरी त्या क्षणी काही जाणवत नाही. मग मोजावयाची कशी? मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत १९०९ च्या सुमारास गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसत. जस्ताच्या एका संयुगाचा पातळ थर दिलेल्या पडद्यावर कण आदळला की बारीकशी ठिणगी चमके. डोळे अंधाराला सरावावे म्हणून अर्धा अर्धा तास काळोखात बसावयाचे, आणि मग सूक्ष्मदर्शकातून ठिणग्या मोजावयाच्या. अणूच्या मध्यभागी गाभा असतो हा विसाव्या शतकातला मोठा शोध अशा मापाडीगिरीतून निघाला.

माणूस मोजावयास बसला की त्याचे मनही मोजावयास बसते. १९२० नंतरच्या दशकात व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेतील आकडे आणि केंब्रिजमधील आकडे जुळेनात. वर्षानुवर्षे वाद चालला. शेवटी १९२७ च्या डिसेंबरात केंब्रिजचे चॅडविक व्हिएन्नाला गेले. तेथे ठिणग्या मोजण्याचे काम तरुण स्त्रियांकडे होते. चॅडविक यांनी प्रयोगाची मांडणी आपल्या हाताने बदलली आणि या वेळी काय लावले आहे ते मोजणाऱ्यांना सांगितले नाही. आकडे तत्काळ केंब्रिजच्या आकड्यांना जुळले. त्या स्त्रिया खोटे बोलत नव्हत्या. वरिष्ठांना काय अपेक्षित आहे एवढे त्यांना ठाऊक होते, आणि अंधाऱ्या खोलीत अंधुक ठिणगी दिसली की नाही हे ठरविताना तेवढे पुरे झाले. मी जेव्हा जेव्हा एखाद्या कारखान्याचा अपघात-अहवाल वाचतो, तेव्हा मला त्या व्हिएन्नाच्या बायका आठवतात.

माणसाच्या डोळ्याऐवजी यंत्र पाहिजे होते. १९२८ साली गायगर आणि त्यांचे शिष्य म्यूलर यांनी जी नळी तयार केली तीच आजही चालते. धातूच्या नळीत थोडा वायू, मधोमध एक तार, तारेवर काही शे व्होल्ट दाब. किरण आत शिरला की वायूत विजेचा लोंढा उठतो आणि 'टिक' असा आवाज होतो. मोठी गुणी वस्तू! परंतु तिला मुकादमाचाच दोष आहे. एक टिक झाली की त्यानंतर सुमारे एक दशसहस्रांश सेकंदपर्यंत नळी बधिर असते. त्या अवधीत आलेला किरण नोंदला जात नाही. या अवधीला शास्त्रज्ञ 'मृतकाल' म्हणतात. सेकंदाला दहा किरण आले तर या बधिरपणाचे काही वाटत नाही. हजार आले तर शंभराच्या आसपास बुडतात. आणि किरणांचा भडिमार झाला तर? नळी सावध होते न होते तोच पुढचा किरण तिला पुन्हा बधिर करतो. पूर्ण जोराचा एकही ठोका बाहेर पडत नाही. मग ज्या जुन्या यंत्रात यावर इलाज केलेला नसे, त्याचा काटा खाली येई. धोका वाढत जाई आणि आकडा उतरत जाई.

आमच्या पोराच्या हातातला काटा म्हणून शून्यावर गेला होता. तो दोन पावले पुढे गेला, ते यंत्राने त्याला तसे सांगितले म्हणून गेला.

याच्या जवळचा दुसरा प्रकार चेर्नोबिलला १९८६ साली झाला. तेथे स्फोटानंतर हाताशी असलेली मोजयंत्रे ताशी ३.६ राँटजेनच्या पुढे दाखवूच शकत नव्हती. काटा टोकाला जाऊन थांबला, आणि तोच आकडा खरा म्हणून वरपर्यंत कळविला गेला. प्रत्यक्ष किरणोत्सार त्याच्या किती तरी पट होता. यंत्राने 'मी यापुढे मोजू शकत नाही' असे म्हणावयास हवे होते. ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ 'एवढेच आहे' असा घेतला.

आता मी आजच्या मुख्य विषयाकडे येतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या मोजणीच्या कामात एक मोठा पालट झाला आहे, आणि त्याचे एक उत्तम उदाहरण आपल्या मुंबईत आहे. कुलाब्याला समुद्राच्या काठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेली. या संस्थेच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात जी माणसे तयार झाली त्यांनीच पुढे तुर्भ्याच्या 'अप्सरा' या अणुभट्टीची नियंत्रणव्यवस्था बांधली. ती भट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. त्यांच्यातले ए. एस. राव यांनी १९६७ साली हैदराबादला ईसीआयएल हा सरकारी कारखाना उभा केला. बाहेरून यंत्रे आणण्यापेक्षा आपली आपण करावी, हा त्या पिढीचा हट्ट होता. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोल, जेथे खाणकामगार घामाने निथळत होते तेथेच, या संस्थेच्या मंडळींनी इंग्लंड आणि जपानमधील शास्त्रज्ञांबरोबर मोजयंत्रे मांडली आणि १९६५ साली वातावरणातून येणारा न्यूट्रिनो हा कण पकडला. ती खाण २००१ साली बंद पडली. खाणीचे शास्त्रज्ञ सर्वांना माहीत आहेत. यंत्रे खाली उतरविणारे हात कोणाला माहीत नाहीत. असो, तो वेगळा विषय झाला.

कुलाब्याच्या आवारात १९८८ पासून पेलेट्रॉन नावाचा कणवेगक आहे. सुमारे १४० लाख व्होल्टचा दाब देऊन अणूंचे गाभे त्यात पळवितात आणि दुसऱ्या गाभ्यांवर आपटतात. आपटलेला गाभा भोवऱ्यासारखा गरगर फिरू लागतो आणि शांत होताना गामा किरण बाहेर टाकतो. त्या किरणांची वजने घेतली की गाभ्याचा आकार, त्याची घडण कळते. हे किरण पकडण्यासाठी देशातील अनेक संस्थांनी मिळून 'इंगा' नावाचा एक मोठा संच उभा केला आहे. तो मुंबई, दिल्ली आणि कलकत्ता येथील वेगकांवर आळीपाळीने मांडला गेला. गावोगावच्या जत्रेत तंबू हलवावा तसा! त्यात चोवीसपर्यंत मोजयंत्रे बसतात, आणि प्रत्येकात जर्मेनियमचे चार स्फटिक, चार पानांच्या फुलासारखे. ते द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागतात.

किरणाचे वजन घ्यावयाचे, म्हणजे काय? गामा किरण स्फटिकात शिरला की तो आपली ऊर्जा तेथे टाकतो आणि त्या प्रमाणात विजेचे कण सुटे होतात. कोबाल्ट-६० चा एक किरण १३३२ एककांचा असतो. त्याने सुमारे साडेचार लाख इलेक्ट्रॉन सुटे होतात. ऐकावयास मोठा आकडा, पण वीज म्हणून ती इतकी अल्प असते की स्फटिकाला चिकटूनच एक वर्धक बसवावा लागतो. त्याच्यातून जी खूण बाहेर येते ती एका पायरीसारखी असते. एकदम वर चढते आणि मग हळूहळू उतरते.

मी हे असे समजून घेतले. एक हौद आहे. त्याला बारीकशी गळती आहे. कोणी अदृश्य माणूस त्यात बादल्या ओततो. कधी मोठी बादली, कधी लहान, केव्हा ओतील त्याचा नेम नाही. आपण फक्त पाण्याची पातळी पाहू शकतो, आणि पाणी तर सारखे हिंदकळत असते. प्रत्येक बादलीत पाणी किती होते, ते सांगावयाचे आहे.

जुन्या पद्धतीत पातळीच्या या हालचालीला विजेच्या मंडलांतून गाळून गोल घुमटासारखा आकार देत, आणि घुमटाची उंची मोजत. मंडले कपाटात ओळीने मांडलेली, प्रत्येकाला बटणे आणि बारीक स्क्रू, आणि तंत्रज्ञ पडद्यावरच्या रेषेकडे पाहत स्क्रू पिळीत बसलेला. घुमटाचा आकार एकदा तयार झाला की मूळ पायरी गेली. दोन बादल्या लागोपाठ पडल्या तर दोन घुमट एकमेकांवर चढत आणि त्यांचे एक खोटेच वजन वहीत पडे.

नव्या पद्धतीत पायरीलाच हात घालतात. पातळी ठरावीक क्षणांनी मोजून तिचे आकडे करतात. मुंबईच्या संचात २०१० नंतर जी व्यवस्था बसविली तीत हे मोजमाप दर सेकंदाला दहा कोटी वेळा होते, आणि प्रत्येक वेळी पातळीला ४०९६ पायऱ्यांपैकी एक आकडा मिळतो. सोळा-सोळा वाहिन्यांची सात कार्डे, अशा एकूण ११२ वाहिन्या. आकड्यांचा हा लोंढा ज्या चिपवर पडतो तिला एफपीजीए म्हणतात. तिची आतली जोडणी कारखान्यातून बाहेर पडल्यावरही हुकूम देऊन बदलता येते. ही कार्डे अमेरिकेतल्या एका कंपनीची होती, हे लपविण्याचे कारण नाही. राव यांच्या पिढीला ते रुचले नसते. मात्र आपल्याकडेही काम थांबलेले नाही. तुर्भ्याच्या भाभा केंद्राने न्यूट्रिनोच्या मोजयंत्रांसाठी 'अनुस्पर्श' नावाची चिप स्वतः तयार केली आहे.

चिप करते ते काम इतके साधे आहे की मला ते पहिल्यांदा वाचल्यावर हसू आले. बादली पडण्यापूर्वीच्या काही क्षणांच्या पातळीची सरासरी काढावयाची. बादली पडल्यावर पाणी हिंदकळते तेवढा वेळ सोडून द्यावयाचा. मग पुढच्या काही क्षणांची सरासरी काढावयाची. दुसरीतून पहिली वजा केली की बादलीतले पाणी. गळतीमुळे मध्यंतरी किती पाणी गेले तेही हिशेबात धरता येते. ही वजाबाकी सतत चालू ठेवली तर तिचा आलेख चढतो, सपाट होतो आणि उतरतो. तो समलंब चौकोनासारखा दिसतो, म्हणून या गाळणीला तेच नाव पडले. मिशिगन विद्यापीठातील जॉर्डानोव्ह आणि नॉल यांनी १९९४ साली, हे गणित आकड्यांवर चालत्या क्षणी कसे करावे याची सोपी रीत प्रसिद्ध केली, आणि जगभर ती चालू झाली. अशा रीतीने १३३२ चे वजन घेताना अवघ्या दोनचा फरक राहतो. तेरा क्विंटल बत्तीस किलो कापूस तोलावा आणि चूक दोन किलोंच्या घरात राहावी. आपल्याकडे किती काट्यांची ही लायकी आहे ते शेतकरी बंधूंनी मनाशी पाहावे.

पण मला मोह पडला तो दुसऱ्या गोष्टीचा. सरासरी लांब वेळ काढली तर वजन अचूक येते, परंतु तेवढ्या वेळात दुसरी बादली पडण्याची भीती वाढते. त्यामुळे चिपमध्ये दोन गाळण्या शेजारी शेजारी चालतात. एक संथ, ती वजन करते. दुसरी चपळ, तिला वजन कळत नाही, पण बादली पडली एवढे ती लगेच टिपते. संथ गाळणी पहिल्या बादलीचे वजन करीत असतानाच चपळीने दुसरी टिपली, तर ते वजन खोटे ठरणार म्हणून टाकून देतात. टाकून देतात खरे, पण दोन बादल्या पडल्या होत्या ही नोंद राहते. म्हणजे यंत्रात दोन आकडे असतात. दाराशी आले किती, आणि वहीत वजन लागले कितीचे. दोहोंतला फरक म्हणजे बुडालेली नोंद, आणि तिच्यावरून खरा हिशेब पुन्हा मांडता येतो.

माझ्या जिनातल्या मुकादमाशेजारी, काही न लिहिता फक्त दारातून जाणारी माणसे मोजणारे एक पोर बसविले असते, तर आमचे अर्धे संप झाले नसते!

आणखी एक मौज. कित्येक वेळा एकच गामा किरण फुलाच्या एका पाकळीत थोडी ऊर्जा टाकतो आणि उसळी मारून शेजारच्या पाकळीत उरलेली टाकतो. एक पोते दोन हमालांनी उचलावे तसे. दोन्ही वजने वेगवेगळी लिहिली तर दोन लहान पोती दिसतील. नव्या व्यवस्थेत प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का असतो, सेकंदाच्या दहा कोटीव्या भागापर्यंतचा. दोन शेजाऱ्यांचे शिक्के जुळले तर दोघांचे वजन मिळवून एक पोते धरतात.

स्क्रू पिळणाऱ्या तंत्रज्ञाचे काय झाले, हा प्रश्न माझ्यासारख्याने विचारलाच पाहिजे. कपाटे कमी झाली, तशी ती हस्तकुशलताही कमी झाली. परंतु पायरीचा आकार नुसता पाहून स्फटिक बिघडला की केबल सैल झाली हे ओळखणारा माणूस आजही लागतो, आणि तो पुस्तकातून तयार होत नाही. त्याला वाऱ्यावर सोडणारी संस्था स्वतःचाच तोटा करील, एवढेच येथे म्हणतो.

या यंत्राला मी देव्हाऱ्यात बसवीत नाही. कारण त्यातही एक जागा अशी आहे की जेथे कोणीतरी बसून ठरवितो. हौदाचे पाणी सदा हिंदकळत असते. त्यातली प्रत्येक लहर बादली नव्हे. म्हणून एक उंबरठा घालावा लागतो. याच्या खालचे ते हिंदकळणे, वरचे ते किरण. उंबरठा फार खाली ठेवला तर वहीत भुते भरतात. फार वर ठेवला तर लहान किरण दाराबाहेरच राहतात, आणि ते आले होते याची चपळ गाळणीलाही खबर लागत नाही. व्हिएन्नात जो निर्णय अंधारात डोळे करीत होते तो आता एका आकड्यात आला. फरक एवढा, की तो आकडा लिहिलेला असतो. तो दाखवा असे म्हणता येते. आणि हवे असल्यास मूळ पायऱ्यांचे आकडेही साठवून ठेवता येतात. उद्या कोणाला शंका आली तर नुसती बेरीज न दाखविता सगळ्या पावत्या पुढे ठेवता येतात.

कोणी म्हणेल, हे सगळे कुलाब्याच्या शास्त्रज्ञांचे झाले, जामनेरला याचे काय? दोन गोष्टी सांगतो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एक जुने यंत्र आले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले, १९८५ पासून न वापरलेले, लिलावात विकलेले. आत कोबाल्ट-६० होते. कामगारांनी ते शिसे आणि पोलाद मिळेल म्हणून फोडले. कोबाल्टचा जोर दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे पंचवीस वर्षांत त्याचा सत्ताविसावा हिस्सा उरला होता. तेवढा हिस्सा एका कामगाराचा जीव घेण्यास आणि आणखी काहींना इस्पितळात पोचविण्यास पुरला. तेथे कोणापाशी टिक करणारी नळीसुद्धा नव्हती. त्याच्या आधी २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडले. पोलाद आपल्या महाराष्ट्रातले, खोपोलीच्या एका ओतशाळेतले. भंगारातून आलेला स्रोत वितळून त्यात मिसळला होता. फ्रान्समधल्या सुमारे वीस कामगारांना त्याचा उपसर्ग पोचला. त्यांचे आकडे काढले गेले : एक ते तीन मिलिसिव्हर्ट. सामान्य नागरिकाला वर्षाला एकापेक्षा अधिक नसावा असा दंडक आहे. मला त्या वीस जणांची ओळख नाही, पण त्यांना त्यांचा आकडा मिळाला याचा मला हेवा वाटतो. ज्यांनी खोपोलीला ते भंगार भट्टीत टाकले त्यांचे आकडे माझ्या वाचनात कोठे आले नाहीत.

आपल्या गावातही भंगाराची दुकाने आहेत. जड, शिशाने मढविलेली पेटी आणि तिच्यावर पिवळ्या रंगावर तीन पात्यांचे चिन्ह दिसले तर ती फोडू नका आणि पोरांना जवळ जाऊ देऊ नका. लांब उभे राहून पोलिसांना कळवा.

मदतनिसाची हकीकत पुरी करावयाची राहिली. आम्ही बिल्ल्यांसाठी भांडलो. मागणी ऐकून अधिकाऱ्यांना आश्चर्य वाटले. संघटना पगार मागते, बोनस मागते, हे बिल्ले कशाला मागते? त्या बिल्ल्यात विशिष्ट क्षार मिसळलेल्या टेफ्लॉनच्या तीन चकत्या असतात. किरण लागले की त्यांची ऊर्जा क्षारात अडकून राहते, आणि पुढे प्रयोगशाळेत तापविल्यावर प्रकाश होऊन बाहेर पडते. हा बिल्ला भाभा केंद्राने आपल्याच देशात तयार केला. किरणांचे काम करणाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० यांहून अधिक लागता कामा नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. पण बिल्लाच नसेल तर नियम कोणाला लावणार? सात महिन्यांनी दोरीच्या आत जाणाऱ्या सहा बिगाऱ्यांना बिल्ले मिळाले. यंत्रेही बदलली, नवी आली ती आकडे दाखविणारी होती, आणि भडिमार झाला की शून्यावर न जाता पडद्यावर तसे लिहून येई व भोंगा वाजे. त्या पोराला पहिली चिठ्ठी मिळाली तेव्हा त्याने ती मला आणून दाखविली. आकडा अगदी लहान होता.

आज तो पन्नाशीच्या घरात आहे. शेती करतो. प्रकृती ठीक आहे. त्याने सगळ्या चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेविल्या आहेत. मागे भेटला तेव्हा त्याने डबा उघडला आणि पुन्हा तोच प्रश्न काढला. डब्यातला प्रत्येक कागद मी त्याला वाचून दाखवू शकलो. त्या रात्रीचा कागद त्यात नाही, आणि आता जगातले कोणतेही यंत्र तो देऊ शकत नाही.

माझा वेळ संपत आला आहे. एका महाविद्यालयातल्या प्राध्यापक मित्राकडून मी गायगरची एक लहान नळी मागून आणली आहे. ती या मेजावर आहे. मघापासून ती टिकटिक करते आहे, मिनिटाला वीस-पंचवीस वेळा. ते जमिनीतून आणि आकाशातून येणारे नित्याचे किरण, त्यांना भिण्याचे कारण नाही. शेजारी लग्नाच्या वरातीत लागणाऱ्या जुन्या गॅसबत्तीची एक जाळी ठेवली आहे, जिला आपण मेंटल म्हणत असू. या जुन्या जाळीत थोरियम असे. नळी तिच्याजवळ नेली की टिकटिक कशी वाढते ते ऐकण्यासारखे आहे. मुलांना पुढे येऊ द्या. एकेका ओळीने या. जाळी पिशवीतच राहू द्या, तिला हात लावू नका. ज्याला हवे त्याने घड्याळ लावून एक मिनिट मोजावे, आणि आपला आकडा या वहीत लिहावा.